पाठमोरे दादा

"हा तर मीच आहे," धोंडिबा म्हणाले आणि चूक चष्म्याची असावी तसा चष्मा काढून पुसायला लागले.

स्क्रीनवर खाकी गणवेशातला तिशीचा शिपाई उभा होता. रुंद कपाळ, भरघोस मिशा, ताठ मान. त्यांच्या लेकीने, संबोधीने, बरेच दिवस खपून तो घडवला होता आणि तिला त्याचा अभिमानही वाटत होता. वडिलांचा चेहरा पाया म्हणून घ्यायचा, वय उतरवायचं, मिशा द्यायच्या, की आजोबा तयार. एवढं सरळ काम होतं.

"मुलगा बापासारखाच दिसतो नं बाबा. मी तुमच्यावरूनच बनवला."

"मी आईवर गेलो बेटा. पूर्ण महू गाव म्हणायचं, धोंडू डिट्टो आईवर गेला."

म्हणजे इतकी मेहनत करून संबोधीने आपल्या आजीला मिशा लावल्या होत्या. बापलेक दोघंही खूप हसले. हसून झाल्यावर मात्र धोंडिबा खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत राहिले. ते किती आशेने बसले होते हे तिला तेव्हा कळलं आणि वाईट वाटलं.

धोंडिबांचे वडील महूच्या छावणीत फौजेत होते. घरात त्यांना सगळे दादा म्हणत. धोंडिबा नुकते शाळेत जायला लागले होते तेव्हा ते वारले. एकच फोटो होता, तो वाळवीने खाल्ला. आता लेकीने महूजवळच राऊला फ्लॅट घेतला होता, येत्या पौर्णिमेला घरी बुद्धवंदना ठेवली होती, महूहून सगळा गोतावळा येणार होता, आणि नव्या भिंतीवर दादा असावेत एवढंच धोंडिबांचं मागणं होतं. तू सगळ्या दुनियेचे चेहरे बनवते, मग माझ्या बापाचा एक बनणार नाही का, असं त्यांनी विचारलं होतं.

दुनियेचे चेहरे ती खरंच बनवायची. कंप्यूटरच्या आत एक आभासी जग आहे. लोक तिथे आपल्या जागी एक बाहुला पाठवतात, त्याला अवतार म्हणतात. हे अवतार तिथे घरं बांधतात, भांडतात, लग्नंही करतात, आणि लग्न म्हटलं की फोटो आलाच. संबोधीचा तिथे स्टुडिओ होता. कोणी कॅनडातून, कोणी कोचीतून येऊन तिच्यापुढे उभं राही, आणि उजेड कुठून टाकायचा, मान किती कलती ठेवायची हे ती ठरवी. काही नातेवाईक तिला कार्टूनवाली म्हणत. ती ते मनावर घेत नसे. आपल्याला काम येतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणूनच हा एक चेहरा जमत नाही याचा तिला राग आला. तिने नाक बदललं, हनुवटी बदलली, डोळे खोल नेले. धोंडिबा दर वेळी येऊन नीट बघत आणि चांगला दिसतोय म्हणत. लेकीचं मन मोडायला नको म्हणून हा माणूस आता कुठल्याही परक्याला बाप म्हणायला तयार झाला होता. हे काही तिला चाललं नाही. तिने महूहून मंजुळा आत्याला बोलावून घेतलं. आत्या म्हणजे धोंडिबांची मोठी बहीण, तोंडाची फटकळ. दादांना पाहिलेलं धोंडिबांखेरीज आता तेवढंच माणूस उरलं होतं.

आत्याने स्क्रीनकडे पाहिलं. "कोण आहे हा, भिया?"

मग नाक कसं होतं ते तूच सांग, असं संबोधी म्हणाली.

"मेरेको क्या मालूम. नाक पाहायला दादा थांबायचे तर पाहिजे." आत्याने चहाचा कप खाली ठेवला. "सकाळी आम्ही उठायच्या आधी गायब. रविवारी तेवढं बाजारात न्यायचे, तर ती फौजी चाल. ते पुढे अन् आम्ही पळत पळत मागे. मला तर त्यांची पाठच आठवते."

"मलापण," धोंडिबा म्हणाले.

इतके दिवस त्यांनी हे सांगितलं नव्हतं. बापाचा चेहरा आठवत नाही हे लेकीपुढे कबूल करायची त्यांना लाज वाटत होती.

संबोधीने आत्याला चालून दाखवायला सांगितलं. गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडत आत्या उठली आणि हॉलमध्ये पडलेल्या खोक्यांमधून चालायला लागली. छाती पुढे, उजवा हात जोरात मागेपुढे. डावा हात मात्र कमरेमागे, तळवा उघडा.

"हा हात असा मागे ठेवायचे," ती म्हणाली. "जो पळत येईल त्याने धरायचा."

"तूच धरायची," धोंडिबा म्हणाले. "मी लहान. मी कधी पोचलोच नाही."

आत्याने मागचा हात हळूच पुढे घेतला.

संबोधीने चेहऱ्याचा नाद सोडला. त्या जगात चेहरा वेगळा घ्यावा लागतो आणि चाल वेगळी. शिपायाची तयार चाल मिळते, पण त्यात कोणी मागे हात ठेवत नाही. तिने आत्याला पुन्हा पुन्हा चालायला लावलं, मोबाइलवर टिपलं आणि त्यावरून दादांची चाल पावलापावलाने बसवली. छावणीचा रस्ता केला, दोन्ही कडांना चुना फासलेल्या विटा लावल्या. मागे अर्ध्या चड्डीतला एक पोरगा उभा केला. चित्र तिच्या मनात तयार होतं. पोरगा पळत येणार, हात धरणार आणि तेवढ्यात ती टिपणार. बाबांचं जे राहून गेलं ते आपण देऊ शकतो, तर का द्यायचं नाही?

तिने वडिलांना खुर्चीत बसवलं. हा पोरगा म्हणजे तुम्ही, हे बटण दाबलं की दादा निघतील आणि तुम्ही मागून चालाल, दोनदा दाबलं की पळाल, दादांना जरा हळू केलंय, पोचाल आरामात, असं सगळं समजावून सांगितलं.

धोंडिबांनी बटण दाबलं. दादा चालू लागले.

"हेच," धोंडिबा म्हणाले. "हेच दादा."

पोरगा मागून चालत राहिला. मग संबोधीच्या सांगण्यावरून त्यांनी दोनदा दाबलं आणि तो पळायला लागला. अंतर कमी होत गेलं. हात धरायला एक-दोन पावलं उरली तेव्हा धोंडिबांनी बोट उचललं. पोरगा जागीच थांबला.

"दादांना हळू नको करू बेटा. ते जसे चालायचे तसेच चालू दे."

"मग तुम्ही पोचणार नाही बाबा."

"नाही पोचलो तर नाही. त्यांनी हात तर माझ्यासाठीपण ठेवला होता. मला मागून दिसायचा नं." त्यांनी डोळे पुसले. "इथूनच घे फोटो."

संबोधीने दादांची चाल पुन्हा होती तशी केली. धोंडिबांनी बटण दोनदा दाबलं. दादा झपझप पुढे निघाले, पोरगा जीव तोडून मागे पळू लागला. तिने कॅमेरा खाली, त्या पोराच्या डोळ्यांपर्यंत आणला. तिथून दादांची पाठ खूप उंच दिसत होती आणि उघडा तळवा बरोबर समोर होता.