ढोल्याची शिकवणी

तांबडी कोंबडी आमच्या ढोल्या कुत्र्याच्या तोंडात, त्याच्यामागे झाडू घेऊन मी, माझ्यामागे सून आणि तिच्यामागे कमरेला टॉवेल गुंडाळलेला माझा मुलगा, अशी आमची वरात परसात तीन फेऱ्या मारून थांबली. ढोल्यानं कोंबडी माझ्या पायाशी ठेवली आणि शेपूट हलवली. ती मेलेली होती.

सून ओरडली नाही. तिनं कोंबडीची विस्कटलेली पिसं सारखी केली आणि मुलाला सांगितलं, गोदामाच्या राखणदाराला कुत्रा हवाय ना, त्याला बोलवा. त्या गोदामातली साखळी मी पाहिली होती. कुत्र्याला धड वळता येत नाही एवढी आखूड. सुनेचं चुकत नव्हतं. कोंबड्यांचं एकेक पिल्लू तिनं हातावर वाढवलेलं, त्यांना ती दिवसभर कोंडून ठेवणार नव्हती. हे मला कळत होतं, पण तसं कबूल करण्याचा माझा स्वभाव नाही. मी महिन्याची मुदत मागून घेतली.

जनावरांच्या डॉक्टरानं सगळं ऐकून विचारलं, “त्यानं कोंबडी धरली तेव्हा तुम्ही काय केलंत, आजी?”

“काय करणार? ओरडत धावले.”

“मग त्याला वाटलं, तुम्हीपण शिकारीला निघालात. म्हणून तर तुम्हाला आणून दिली.”

चाळीस वर्षं हे घर मी तोंडाच्या जोरावर चालवलंय. आजवर माझ्या तोंडात खोट काढायची कोणाची छाती झाली नव्हती. डॉक्टर म्हणाला, दोरी बांधून कोंबड्यांपासून लांब बसवा, त्यानं त्यांच्यावरची नजर काढून तुमच्याकडे बघितलं की मांसाचा तुकडा द्या, रोज थोडं जवळ सरका, आणि परसात महिनाभर आवाज चढवायचा नाही.

घरी येऊन सांगितलं तर सून म्हणाली, “कुत्रा शिकेल एक वेळ.” पुढचं तिनं गिळलं. न बोलता टोचायचं कसब तिनं माझ्याच घरात कमावलंय.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी खुराडं उघडलं की मी बुटक्या स्टुलावर, दोरी मनगटाला, उकडलेल्या मांसाचे तुकडे वाटीत. पहिले चार दिवस ढोल्यानं माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पाचव्या दिवशी पाहिलं, ते वाटीकडे. चालेल म्हटलं, नवरासुद्धा आधी ताटाकडेच बघायचा. एकदा नळवाल्यानं नळ असा बसवला की अर्ध्या परसात चिखल झाला. मी मुकाट्यानं स्टूल उचलून कोरड्यात नेलं. त्यानं सुनेला हळूच विचारलं, आजींना बरं नाही का.

सोळाव्या दिवशी एक कोंबडी फडफडत कुंपणावर चढली आणि ढोल्यानं हिसका दिला. मी स्टुलावरून खाली. दोरी सुटली, कोपर सोलवटलं, तोंडात एकाहून एक शब्द गोळा झाले. दात आवळून पडून राहिले. ढोल्या कुंपणापर्यंत धावला आणि थबकला. मागून ना आरडाओरडा, ना झाडू. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. मग पाय ओढत परत आला आणि शेजारी बसला. उरलेली वाटी मी त्याच्यापुढे रिकामी केली. खिडकीतून सून बघत होती.

मुदतीच्या दिवशी मी ढोल्याला परसाच्या मधोमध बसवलं. सून दाण्याची टोपली घेऊन आली. दोरी सोडायची होती आणि माझा हात पट्ट्यापर्यंत जाऊन थांबला. सून वाकली, तिनंच गाठ सोडली आणि दाणे मुद्दाम त्याच्या नाकासमोर टाकले.

सगळा कळप त्याच्यावर कोसळला. पंख, चोची, धूळ. एकीनं त्याच्या शेपटीला टोच मारली, एक पाठीवर चढून उतरली. ढोल्याचं अंग थरथरत होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग हनुवटी पंजांवर टेकवली आणि मोठी जांभई दिली.

सून आत गेली. फोनवर तिचा आवाज आला, “नाही, कुत्रा द्यायचा नाहीये. आमचाच आहे.”

बाहेर येऊन ती माझ्याशेजारी उभी राहिली. दाणे संपले, कोंबड्या पांगल्या. एक मात्र ढोल्याच्या पोटाच्या सावलीत पिसं फुगवून बसली. तिला उठवावं लागू नये म्हणून तो ऊन डोक्यावर येईपर्यंत हलला नाही, आणि आम्हीही.