लाल्ला रकियाला पास

इत्तो खेनिफ्राची. मोरोक्कोच्या डोंगरातली ही पोर एकोणिसाव्या वर्षी कासाब्लांकाच्या फुटबॉल क्लबात मधल्या फळीत आली, तीही पगारी खेळाडू म्हणून. आणली रकियाने. रकिया त्याच गावची, वयाने पंधरा वर्षांनी मोठी, संघाची कर्णधार आणि आघाडीची खेळाडू. "पोरगी माझ्याच घरी राहील," असा शब्द तिने दिला, तेव्हा कुठे इत्तोचा बाप तयार झाला.

इत्तो तिला लाल्ला म्हणे. थोरलीला तिकडे नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, आणि ती बसल्याखेरीज धाकटी बसत नाही. हे सगळं घरात शोभतं. इत्तोने ते मैदानावर नेलं. चेंडू पायाशी आला की नजर लाल्लाकडे, आणि पाठोपाठ चेंडूही लाल्लाकडेच. महिनाभरात ही गोष्ट बाकीच्या संघांच्याही ध्यानात आली. मग इत्तोच्या वाटेला कुणी जाईना. रकियाला दोघी जणी चिकटल्या की त्यांचं काम भागत असे.

कोच नुझा तोंडाची फटकळ.

"तू काय सून म्हणून आलीस इथे? आधी सासूबाईंना वाढायचं, उरलं तर बाकीच्यांना?"

"लाल्ला मागतात, कोच."

"मागू देत. पाय थकलेत तिचे. दिसत नाही तुला?"

इत्तोला दिसत होतं, तेच तर दुखणं होतं. तिच्या पासांवरच लाल्लाची जागा टिकून होती. ते थांबले असते, तर चौतिशीतल्या बाईला संघात ठेवायला कुणापाशी कारण उरलं नसतं.

"रविवारी शेवटची संधी," नुझा म्हणाली. "नाहीतर खेनिफ्राची बस पकडायची."

रविवारी रबातच्या संघाशी गाठ होती. खेळ संपत आला तरी बरोबरीच. इत्तोला मधोमध चेंडू मिळाला. रकियाने हात वर केला.

"इत्तो, इकडे!"

तिच्या दोन्ही अंगांना दोघी उभ्याच होत्या. डाव्या कडेला संघातली विदाद एकटी धावत होती. इत्तोने लाल्लाकडे पाहिलं आणि चेंडू विदादला दिला. गोल झाला. सगळ्या जणी विदादच्या अंगावर पडल्या. रकियाचा हात अजून वरच होता. मग तो खाली आला आणि तिने टाळ्या वाजवल्या.

गुरुवारी कोचने पुढच्या सामन्याचा संघ सांगितला. इत्तो मधल्या फळीत, विदाद आघाडीला, रकिया राखीव. ऐकताना रकिया बुटाची नाडी बांधत होती. ती तिने सोडून पुन्हा बांधली.

शुक्रवारी दुपारी घरी कुसकुस होतं, वाफवलेल्या जाड रव्याचं. एकच परात, समोरासमोर दोघी. मांस मधोमध असतं, आणि ते वाटण्याचा मान घरच्या बाईचा. रकियाने बोटांनी मोठा तुकडा तोडून इत्तोच्या बाजूला सरकवला. मग दुसरा. मग उरलेलाही.

"लाल्ला, तुम्हाला?"

"खा गुपचूप. पळायचंय तुला. मी काय, बसूनच असणार."

इत्तोला माफी मागायची होती, पण कशाची ते सुचेना.

"पास बरोबर दिलास तू," रकिया म्हणाली. "मी मोकळी नव्हते." घासाएवढं कुसकुस हातात वळत ती जरा थांबली. "या वर्षी मी कधी मोकळी नव्हतेच गं. तू आपली देत राहिलीस."

इत्तोला आता खायचं नव्हतं. रकिया समोर बसून बघत होती, म्हणून इत्तोने सगळं संपवलं.