एंटरखालची अक्षत

नावाच्या आधी ‘कै.’ लावलं की माणूस परत येत नाही, हे मला आधीच कुणी का सांगितलं नाही?

मी कीबोर्ड बोलतोय. कामोठे गावातल्या शाळेत, कॉम्प्युटर लॅबच्या पहिल्या टेबलावर असायचो. आता कपाटाच्या तळाशी एका पोत्यात पडलोय. सोबत तुटक्या वायरी आहेत आणि मेलेला एक माऊस. भंगार नेणारी गाडी आली की आम्ही सगळे जाऊ. वरचा प्रश्न मी या पोत्यात सगळ्यांना विचारून बघितला.

शाळेत राहूनही मी अडाणीच. अक्षरं सगळी माझ्या अंगावर आहेत, पण वाचायला येत नाही. मी पाठीवर पडलेला असतो. मला दिसतं ते छत, पंखा आणि माझ्यावर वाकलेल्या मुलांच्या हनुवट्या. पडद्यावर काय उमटतं ते मी जन्मात बघितलेलं नाही. कुठलं बोट कुठं पडलं, एवढंच मला कळतं. आणि उतावळा तर इतका की बोट लागलं रे लागलं की अक्षर सोडून मोकळा.

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतं ते पनवेलच्या दुकानातलं खोकं आणि ते उघडणारे हात. ते हात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या चारुताबाईंचे होते. शाळेतले बाकीचे कीबोर्ड खारघरच्या एका कचेरीनं वापरून झाल्यावर दिलेले, अक्षरं पुसलेले, म्हातारे. मी एकटाच नवा. तिनं माझ्या प्रत्येक बटणावर मराठी अक्षराची चिकटपट्टी लावली, नखानं दाबून दाबून. मग लांबून बघून म्हणाली, “आमच्या घरातला धाकटा तू. नीट राहायचं.”

श्रावणात तिनं माझ्या वायरीला राखी बांधली. मुलं हसायला लागली.

“बाई, तो काय ओवाळणी देनार?”

“तुमच्यासारखी उलट उत्तरं तरी नाय देनार,” ती म्हणाली. “मला भाऊ नाय. हाच माझा भाऊ.”

तेव्हापासून मी तिला ताई म्हणतो. मनातल्या मनात. मला दुसरं कुठं म्हणता येतं?

ताई कामोठे गावातलीच. वर्गात शहरासारखं बोलायची, पण राग आला किंवा लाडात आली की गावचं बोलणं बाहेर यायचं. तिची शिकवायची रीतही तशीच होती. मधल्या ओळीला ती ओसरी म्हणायची. “बोटं कुठंही उंडारू देत, परत ओसरीवर आली पाहिजेत.” माझ्या मधल्या ओळीत दोन बटणांवर बारीक उंचवटे आहेत. ते तिचे उंबरठे. “न बघता उंबरठा लागला की समजायचं, घर आलं.” मुलं खाली बघायला लागली की ती आपली ओढणी माझ्यावर आणि त्यांच्या हातांवर टाकायची. त्या अंधारात पोरांची बोटं चाचपडायची, एकमेकांवर आदळायची आणि हळूहळू घर शोधायची.

सातवीला पहिला शब्द तिनं शिकवला तो स्वतःचं नाव.

“बघा रे, डाव्या हाताला काना, मात्रा, वेलांट्या, उजव्या हाताला बाकीची अक्षरं. आता चारुता लिहा. च ओसरीवर हाय, र ओसरीवर, त ओसरीवर, उकार पन ओसरीवर. म्हंजे माझं नाव घरातच हाय. फक्त काना तेवढा बाहेर जातो, दोनदा. आनि परत येतो.”

डाव्या हाताचं मधलं बोट वर जायचं आणि परत यायचं. वर जायचं आणि परत यायचं. मला तिचं नाव असं कळलं, वाचून नाही.

शाळेच्या नंबरवरचा पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप या पहिल्या कॉम्प्युटरवरूनच चालायचा. माऊस कधीचा गेलेला, म्हणून ताई सगळं माझ्यावरूनच करायची. आणि एंटर दाबायच्या आधी तिचा एक नियम होता. हात उचलायचा आणि सगळ्यांनी मोठ्यानं विचारायचं, “कोन हाय?”

“दार कुनी वाजवलं तर आधी काय विचारता? कोन हाय. मग एंटर पन दारच हाय. तुमी उघडता तेव्हा पलीकडं कोन उभं हाय ते आधी विचारा. तुमचा फोटो कोन बघनार, तुमचा पासवर्ड कोन ऐकनार, तुमची शिवी कोनाला लागनार.”

मुलांना त्याचा खेळच झाला. डबा उघडतानाही म्हणायची, “कोन हाय?” आतून भेंडी निघाली की सगळा वर्ग हळहळायचा.

दसऱ्याला शस्त्रांची पूजा करतात, तशी शाळेत आमची झाली. झेंडूची माळ, हळद, कुंकू. ताईनं मूठभर अक्षता घेतल्या आणि थेट माझ्यावर टाकल्या. गणिताचे विनायक सर दारात उभे होते.

“बाई, पूजा करताय की लग्न लावताय त्याचं?”

“धाकटा हाय माझा. लावलंच तर मीच लावनार ना.”

सगळ्या अक्षता झटकल्या, एक दाणा एंटरच्या खाली जाऊन बसला. दुसऱ्या दिवसापासून एंटर जड झाला. सहज बोट लावलं तर अर्ध्यात अडायचा, अंगठा रोवून दाबला तरच बसायचा. सातवीतला निनाद पिन घेऊन आला, “बाई, काढतो.” ताईनं त्याचा हात धरला. “राहू दे रे. एंटर जरा जड झालेला बराच.”

दिवाळीची सुट्टी संपली. शाळा उघडली त्या दिवशी लॅब उघडली नाही. मी वाट बघत पडून राहिलो. मग विनायक सर आले, खुर्चीत बसले. सर दोन बोटांनी टाइप करतात, प्रत्येक अक्षर शोधून. बऱ्याच वेळानं त्यांचं बोट च वर आलं. मग वर काना. मग र, उकार, त. मग परत काना.

ताईचं नाव. मला इतका आनंद झाला. नावाच्या आधी सरांनी क दाबला होता, त्यावर दोन मात्रा आणि एक टिंब. तसलं ताईच्या नावाआधी कधीच नसायचं. मला वाटलं, बढती मिळाली तिला. हेडबाई झाली असेल. सरांचा अंगठा लागताच मी दाण्यासकट एंटर लावून दिला, जोरात.

त्या मजकुराचा अर्थ मला नंतर मुलांच्या बोलण्यातून कळला. ताई स्कूटीवरून उलव्याला मावशीकडं निघाली होती. विमानतळाच्या रस्त्याला डंपरनं उडवलं. लोक जमले. उचलायच्या आधी कुणीतरी फोन काढला.

मी आनंदानं पाठवलं होतं ते. तिचा भाऊ मी.

ताईची आई म्हणजे गंगाबाई. शाळेत खिचडी करते, मुलं तिला गंगामावशी म्हणतात. तेरावं झालं आणि ती कामावर परत आली. घरी बसून काय करू, म्हणाली. दुपारी भांडी घासून झाली की लॅबमध्ये यायची. ओले हात पदराला पुसून माझ्यावरनं एकदा हात फिरवायची, मग जवळच्या पोराला आपला फोन द्यायची.

“बग रे, माज्या चारूचा काय आलाय का. मला वाचता येत नाय, पन विडिओ मी सगलं उगरून बगते. शालंच्या ग्रुपवर काय ना काय येतं. एकादा तिचा येल.”

तिला ताईचं तोंड नीट बघू दिलेलं नव्हतं. पांढऱ्यात गुंडाळूनच घरी आणलं होतं. झोपेत गेल्यासारखी गेली, असं तिला सांगितलं होतं. आणि ती तेच धरून होती.

मग तो तास आला. विनायक सर वर्ग सांभाळत होते, त्यांना ऑफिसात बोलावलं. निनाद पहिल्या टेबलावर होता. शाळेच्या नंबरवर कुठल्याशा अनोळखी माणसानं काहीतरी पाठवलं होतं.

“तुमच्या शाळेच्या बाई याच का, असं विचारलंय,” निनाद म्हणाला. मग वाकून नीट बघितलं. “व्हिडिओ हाय. रस्त्यावरचा.”

खुर्च्या सरकल्या. माझ्यावर हनुवट्याच हनुवट्या झाल्या. शेजारी मिताली होती. तिनं तोंड फिरवलं.

“मी ग्रुपवर टाकतो,” निनाद म्हणाला. “सगळ्यांना दिसू दे. तो डंपरवाला सुटला नाय पाहिजे.”

“निनाद, नको ना.”

“का नको? लपवायचं का? बाईंना मारलं त्यानं.”

त्यानं तो व्हिडिओ उचलून ग्रुपमध्ये आणून ठेवला. मला काय दिसत होतं? हनुवट्या. पण मला सगळं कळलं. आणि मी तर असला, की बोट लागलं की सोडून मोकळा.

त्याची करंगळी एंटरवर आदळली. अर्ध्यात अडली. दाणा होता तिथं.

त्यानं हात उचलला, पुन्हा दाबायला. हात उचललेला बघून मागून कुणीतरी, सवयीनं, म्हणालं, “कोन हाय?”

निनादचा हात हवेतच होता.

“गंगामावशी हाय,” मिताली म्हणाली. “ग्रुपवर. ती सगळे व्हिडिओ उघडते.”

निनादनं हात खाली घेतला. मांडीत. त्याची हनुवटी हलत होती. मग त्यानं तो व्हिडिओ ग्रुपमधून काढला, शाळेच्या नंबरवरूनही पुसला.

“पन दुसऱ्यांकडं असंल ना,” तो म्हणाला. “त्यांनी टाकला तर?”

“मग आपण लिहू.”

मिताली बसली. तिनं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, “बाईंचा रस्त्यावरचा व्हिडिओ कुणी पाठवू नका. गंगामावशी बघेल.” सगळ्यांनी विचारलं, “कोन हाय?” आणि मितालीच म्हणाली, “नको. मावशीला कुणीतरी वाचून दाखवेल. असा व्हिडिओ हाय हेच तिला कळेल.” सगळं पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. दुसऱ्यासाठी इतकं पुसताना मी कुणाला बघितलं नव्हतं.

शेवटी जे राहिलं ते एवढंच. “आमच्या बाईंचा शाळेतला हसरा फोटोच ठेवा. दुसरं काही आलं असेल तर पुसा, पुढे पाठवू नका. ज्यांना कळलं त्यांनी विचारू नका.” त्याखाली बाईंचं नाव लिहायचं होतं.

“न बघता,” निनाद म्हणाला.

मितालीनं आपला रुमाल माझ्यावर टाकला. अंधार झाला. तिची बोटं ओसरीवर आली. दोन्ही उंबरठे तिला लागले. च. काना बाहेर गेला, परत आला. र, उकार, त. काना बाहेर गेला. ते बोट वरतीच थांबलं. मला वाटलं, आता हे नाही येणार. मग आलं.

तिनं आधी ‘कै.’ लावलं नाही. कुणी लाव म्हणालंही नाही.

“कोन हाय?” सगळ्यांनी विचारलं, हळू. आणि या वेळी कुणाला आठवून थांबावं लागलं नाही.

मितालीनं अंगठा रोवला. एंटर बसेना. दाणा आडवा झाला होता. निनादनं तिच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला. तरी बसेना. बाहेर भांडी वाजायची थांबली होती. गंगामावशी पदराला हात पुसत येत असणार, फोन घेऊन.

तो दाणा ताईच्या मुठीतला होता. तिच्या हातचं माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं. राखी कधीच कुणी काढली होती. एंटर वर उचलून धरणारी एक छोटी रबरी वाटी माझ्या आत असते, ती दाण्याला अजून टेकून होती. मी ती सोडून दिली. आत काहीतरी फाटलं. दाणा चुरडला, तिच्या हातचा दाणा, आणि एंटर खाली बसला. निरोप गेला, एंटर मात्र परत वर आला नाही.