मिकुलाश जे म्हणालाच नव्हता

मी एक जुना कर्णा आहे. येद्लिना गावच्या खालच्या आळीत, ओढ्यावरच्या पुलाजवळ, लाकडी खांबावर मी टांगलेलो आहे. माझ्या कडेचा रंग कधीच उडाला. पोटात दर वसंतात एक पाखरू घरटं करतं आणि मी गप्प असल्यामुळे त्याची पिलं सुखाने वाढतात. मित्रांनो, मला तोंड भलंमोठं आहे, पण त्यात स्वतःचा शब्द एकही नाही. दुसऱ्याने जे घातलं ते मी बोललो. माझी कहाणी ती एवढीच, पण ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा ठोकून, वळवून मला आकार दिला आणि तपासनीसाने माझ्या पाठीवर थाप मारून ‘हा चांगला खणखणीत आहे’ असं म्हटलं. ती माझी पहिली शाबासकी. मग माझ्या भावंडांबरोबर मला पेंढ्यात गुंडाळून ट्रकमधून या दरीत आणलं. एक भाऊ चर्चच्या कोपऱ्यावर गेला, एक दुकानापाशी, एक लाकूड-गिरणीजवळ. मी पडलो गावाच्या अगदी टोकाला. माझ्यासमोर एकच घर होतं, मिकुलाश आणि पाउलीना या जोडप्याचं. माझ्या खांबाखाली त्यांचा बाक होता. त्या बाकामुळेच मला कधी एकटं वाटलं नाही.

आमचा सगळ्यांचा मायक्रोफोन गावकचेरीत होता. त्याची एक रीत होती. आधी गाणं लागायचं, मग निरोप. कोंबड्यांची पिल्लं विकणारी गाडी आली, कुणाचा वाढदिवस असला की नाचाचं गाणं. कुणी गेलं की एक संथ सूर. तो सूर लागला की बायका कालथा खाली ठेवायच्या, पुरुष टोप्या काढायचे आणि नाव येईपर्यंत सगळा गाव श्वास धरून उभा राहायचा. मेलेल्या माणसाबद्दल काय सांगायचं ते फक्त घरचे ठरवत. सरपंचाने ते जसंच्या तसं वाचायचं. त्यात स्वतःचा शब्द घालायची कुणाची छाती नव्हती.

बाकी खोटं मी पुष्कळ बोललो. सुरुवातीच्या वर्षांत वरून आलेले साहेब माझ्यातून बटाट्याच्या पिकाचे आकडे सांगत. आकडे ऐकून बायका खिडक्या लावून घेत. मिकुलाश बाकावरून वर बघून म्हणायचा, “बोल बाबा बोल. तुझं पोट पत्र्याचं, तुला काय बटाटे लागतात?” मला त्याचं वाईट वाटत नसे. त्या खोट्यावर कुणाचा विश्वासच नव्हता, म्हणून ते कुणाला लागतही नव्हतं.

मग ते साहेब गेले आणि आमच्यातलाच व्हेन्देलीन सरपंच झाला. त्याच्या लहानपणी याच ओढ्यात त्याचे बूट वाहून गेले होते आणि मिकुलाशने ते काढून दिले होते. तो मनापासून गावाचा होता. एका पैशाला शिवला नाही. त्याचं बोलणं लागलं की लोक खिडक्या उघडू लागले. माझ्या आयुष्यातली तीच खरी भराची वर्षं.

तेवढ्यात धरणाची बातमी आली. आमची दरी पाण्याखाली जाणार होती. घरं, चर्च, स्मशान, सगळं. बदल्यात शहरात गरम पाण्याचे नळ असलेले फ्लॅट मिळणार होते. गावात दोन तट पडले. व्हेन्देलीनची आई स्मशानात पुरलेली होती आणि तिच्यावर चाळीस हात पाणी उभं राहणार ही कल्पनाच त्याला सोसत नव्हती. तो घरोघर फिरला, पण लोक मान हलवत आणि मनात फ्लॅटच्या खोल्या मोजत.

मिकुलाशला मात्र जायचंच होतं. त्याची मुलगी ब्लाजेना शहरात परिचारिका होती. तिच्या घराजवळच फ्लॅट मिळावा म्हणून तीच सगळीकडे खेटे घालत होती. शरदातल्या एका दुपारी मिकुलाश बाकावर गुडघे चोळत बसला होता. पाउलीना हालुश्कीच्या उकडलेल्या गोळ्यांसाठी बटाटे सोलत होती. तो म्हणाला, “येऊ दे पाणी. या विहिरीनं माझे गुडघे खाल्ले. मी तर लिफ्टमध्ये बसून दिवसभर वर-खाली करणार. तिकीट नसतं म्हणे.” पाउलीना हसली. बटाट्यांचं पातेलं घेऊन ती आत गेली आणि परत आली तेव्हा तो मान टाकून बसला होता. जाताना त्याच्या तोंडावर ते लिफ्टचं हसू तसंच होतं. त्याचे शेवटचे शब्द तिने ऐकले आणि मी ऐकले. तिसरं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संथ सूर लागला. व्हेन्देलीनने नाव वाचलं, वय वाचलं, अंत्यविधीची वेळ वाचली. मग तो थांबला. त्याचा श्वास मला ऐकू आला. आणि माझ्या तोंडातून, मिकुलाशच्याच घरासमोर, त्याने सांगितलं की मिकुलाशचे शेवटचे शब्द असे होते: “माझी दरी पाण्याला देऊ नका.”

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला गंज चढावा, तार तुटावी, काहीही व्हावं.

बघता बघता गाव एक झालं. काल फ्लॅटच्या खोल्या मोजणारे आज शवपेटीमागून रडत चालले. खसखशीच्या वड्या घेऊन बायका पाउलीनाकडे आल्या आणि तिचे हात धरून बसल्या. अंत्यविधीनंतर फाटकाशी तिने व्हेन्देलीनला गाठलं.

“कधी म्हणाला रे तो हे?” तिने विचारलं.

“नाही म्हणाला, काकू,” तो खाली बघत म्हणाला. “पण म्हणाला असता. एवढं गावासाठी राहू द्या.”

तिलाही अंगणातली आलुबुखाराची झाडं सोडवत नव्हती. शिवाय इतकी माणसं इतक्या मायेने आली होती. ती मूग गिळून बसली.

ते वाक्य फलकांवर चढलं, फाटकांवर चढलं. राजधानीतले अधिकारी आले तेव्हा सगळा गाव तेच वाक्य घोकत त्यांच्यासमोर उभा राहिला. पुढे सरकार बदललं, धरणाची कागदपत्रं बासनात गेली आणि आमचं गाव वाचलं. पुलापाशी दगड बसवून त्यावर ते वाक्य कोरलं. व्हेन्देलीनला लोकांनी खांद्यावर घेतलं. तो दर निवडणुकीत निवडून आला.

पण समोरच्या घरात काय झालं ते कुणी पाहिलं नाही. ब्लाजेना रातोरात शहरातून आली होती. तिने ते वाक्य याच बाकावर बसून ऐकलं होतं. ‘मी बाबांना फ्लॅटसाठी ओढत होते, ते माझं मन मोडू नये म्हणून हो म्हणत होते आणि आतून जळत होते,’ असं तिच्या मनाने घेतलं. पाउलीनाने तिला लिफ्टची गोष्ट सांगितली. ब्लाजेना म्हणाली, “आई, माझी समजूत काढायला काहीतरी रचू नकोस.” आईने एकटीने सांगितलेलं खरं तिला खोटं वाटलं आणि कर्ण्याने गावासमोर सांगितलेलं खोटं खरं वाटलं. हळूहळू तिचं येणं कमी झालं. पुलापाशी असलेला तो दगड ओलांडून घरात यायचं तिच्याने होईना. पाउलीनालाही जाता येईना. त्या मिकुलाशची बायको गरम पाण्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली, असं लोक म्हणाले असते.

गाव पाण्यात बुडालं नाही, पण रिकामं होत गेलं. तरुण माणसं परदेशी कामाला गेली. लाकूड-गिरणी बंद पडली. निरोप फोनवर येऊ लागले आणि माझी भावंडं एकेक करून भंगारात गेली. खालच्या आळीत फोन नसलेली पाउलीना एकटीच, म्हणून तिच्यापुरता मला ठेवला. दर शरदात मिकुलाशच्या स्मृतिदिनी उरलेला गाव दगडापाशी जमे, सूर लागे आणि व्हेन्देलीन तेच वाक्य वाची. पाउलीना बाकावर बसून ऐके. बाकाची दुसरी बाजू रिकामी असे. खोटं बोलायला लावणाऱ्यापेक्षा ते समोर बसून ऐकणाऱ्याचं दुःख मला जास्त जवळचं वाटू लागलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहायचो.

गेल्या शरदात, स्मृतिदिनाआधी, व्हेन्देलीन नेहमीसारखा गाणं विचारायला आला. तोही आता काठी टेकत होता. पाउलीनाने मिकुलाशचं लिफ्टचं बोलणं त्याला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, “यंदा शब्द मी सांगणार. तो लिफ्टबद्दल बोलला होता ते वाच. आणि दुसरं तू रचलंस, हेही वाच.”

तो बाकावर बसला. धरणाचे कागद पुन्हा बाहेर निघालेत, असं त्याने सांगितलं. आता हे कबूल केलं तर सगळंच हातचं जाईल. “काकू, ती थाप मारली नसती तर आज तुमच्या अंगणात मासे पोहले असते.”

“पोहले असते,” पाउलीना म्हणाली. “पण पोरगी माझी राहिली असती. तू गाव वाचवलंस, मी नाही म्हणत नाही. पण ते माझ्या म्हाताऱ्याला विकून वाचवलंस. सगळ्या गावाला तो दगडावरचा माणूस ठाऊक आहे. लिफ्टमध्ये बसायला निघालेला माझा माणूस कुणालाच ठाऊक नाही. मी गेले की तो संपला.”

“मी स्वतःसाठी केलं नाही ते.”

“म्हणून तर तुला कुणी विचारलं नाही इतकी वर्षं. स्वतःसाठी केलं असतंस तर पहिल्याच दिवशी धरलं असतं.”

तो उठला, टोपी घातली आणि पूल ओलांडून गेला. तो काय करणार ते मला कळलं नाही. पाउलीनाने पोस्टात जाऊन ब्लाजेनाला फोन केला आणि एकदाच ये म्हणून विनवलं.

ब्लाजेना आली. तिचे केस आता पांढरे झाले होते. मायलेकी बाकावर दोन टोकांना बसल्या. संथ सूर लागला. माझ्या पोटातलं रिकामं घरटं थरथरलं. व्हेन्देलीनने नाव वाचलं. मग त्याचा तोच जुना श्वास ऐकू आला आणि मला धडकी भरली.

“दगडावर कोरलेलं वाक्य मी रचलेलं आहे,” तो म्हणाला. “मिकुलाश ते म्हणाला नव्हता. तो म्हणाला होता, ‘येऊ दे पाणी. मी लिफ्टमध्ये बसून दिवसभर वर-खाली करणार. तिकीट नसतं म्हणे.’ त्याच्या मुलीने हे ऐकावं.”

ब्लाजेनाने आधी तोंडावर हात घेतला. मग ती हसली, आणि हसता हसता रडू लागली. “तिकीट नसतं म्हणे,” ती पुन्हा म्हणाली. “हे बाबाच.” ती सरकत सरकत आईपाशी गेली. मित्रांनो, इतक्या वर्षांत बोललेल्या सगळ्या बोलण्यात तेवढं एकच मला माझं वाटतं.

पुढच्या आठवड्यात पाउलीना तिच्याबरोबर शहरात गेली. दाराला कुलूप लागलं. निघताना तिने माझ्या खांबावर हात ठेवला.

गाव व्हेन्देलीनवर चिडलं. खोटं बोलला म्हणून नव्हे, ते सांगून टाकलं म्हणून. निवडणुकीत तो पडला. धरणाचं काय होणार ते अजून ठरलेलं नाही. दगड पुलापाशी तसाच उभा आहे, कारण तो काढायचा की ठेवायचा यावर कुणाचं एकमत होत नाही. आता व्हेन्देलीन संध्याकाळी येऊन बाकावर एकटाच बसतो. परवा त्याने वर बघून मला विचारलं, “खरं बोलायला हवं होतं का रे मी तेव्हाच? आई पाण्याखाली गेली असती माझी.” मी काय सांगणार? माझ्यात शब्द घालायला आता कुणी उरलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या मोठं होईल, कुणाच्या हाती मायक्रोफोन येईल आणि काम खरोखरच चांगलं असेल. तेव्हा एक करा. मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालण्याआधी त्याच्या घरासमोरच्या बाकावर थोडा वेळ बसून बघा. माझ्या खांबाखालचा बाक दिवसभर रिकामाच असतो. संध्याकाळी आलात तर व्हेन्देलीन सरकून जागा देईल.