लाल-पांढरे ठोकळे

शून्य सेकंद. तारनाक्याच्या दवाखान्यात तपासणी घेणाऱ्या हर्डीकर मॅडमनी घड्याळाची कळ दाबली. ठोकळ्यांनी जुळवायच्या नमुन्याचं कार्ड अजून त्यांच्या हातातच होतं, आणि आठ वर्षांच्या मैथिलीने ठोकळे लावायला सुरुवातही केली. मागे बसलेली तिची आई चारुलता खुर्चीच्या कडेला सरकली.

मुलीला वाचता येत नव्हतं. बुद्धीची तपासणी करून दोन महिन्यांत अहवाल आणा, नाहीतर नाव काढून घ्या, असं यंदाच कॉम्प्युटरचा वर्ग काढलेल्या तिच्या शाळेने बजावलं होतं. शेजारणीचा मुलगा याच तपासणीतून गेलेला. त्याच्याकडून चारुलताने सगळे नमुने समजून घेतले, बेगम बाजारातून ठोकळे आणून जलरंगाने लाल-पांढरे रंगवले आणि महिनाभर लेकीचा हात बसवला.

अकरा सेकंद. नमुना तयार.

"आई, यांचा रंग बोटांना लागत नाही गं," मैथिली खुशीत म्हणाली. "आपल्या घरच्यांचा लागतो!"

मॅडमनी घड्याळ थांबवलं. "चारुलताताई, परीक्षा कुणाची चाललीय? हिची की तुमची?"

"माझीच समजा मॅडम, पण शाळेतून काढतील हो तिला."

"आणि तिचं नेमकं कुठे अडतं हे मला कळलंच नाही, तर मदत कशी करू?"

त्यांनी कोऱ्या कागदावर एक नवाच नमुना काढून मुलीसमोर ठेवला.

शून्य सेकंद. दहा. तीस. मैथिलीचे हात मांडीवरच होते. साठ. तिने ठोकळ्यांकडे एकदाही पाहिलं नाही. घरी अडली की बघायची तशी ती मान वळवून आईच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि चारुलताला पापणी हलवायचंही धाडस होईना.