रवीच्या खाचेत उरलेला मी

मी दह्यातला जिवाणू बोलायलोय. नाक मुरडू नका! टीव्हीवर ती साबणवाली बाई जंतू मारा, जंतू मारा म्हणून ओरडायली, आन् तुमी इकडं वाटीभर दही चाटूनपुसून खायलाव. मारा की! बघू कोण दमतंय.

माझं घर म्हणजे बसम्माचं दह्याचं भांडं. तिची माय पिंगळीला वारली, तवा बसम्मानं माहेराहून दुसरं काहीच मागितलं न्हाई. वाटीभर विरजण तेवढं आणलं. त्याच विरजणाचं रोज नवं दही लागतंय.

मी टिकलो कसा म्हणता? माझ्या पोटात एक गोल, दुपदरी, पीळ घातलेली दोरी हाय. शिकलेली माणसं तिला डीएनए म्हणतात. मी कसं जगायचं, दूध कसं आंबवायचं, सगळं तिच्यातच. कोमट दूध मिळालं की तिचा पीळ सुटतो, पदर वेगळे होतात, आन् हरेक पदराला नवा जोडीदार विणला जातो. एका दोरीच्या दोन दोऱ्या झाल्या की एक या टोकाला, एक त्या टोकाला. मग मी लांबतो, मधी भिंत येते, आन् झालो की दोघं! दोघांकडंबी एकेक जुना पदर. आता यात माय कोण, लेकरू कोण, ते तुमीच सांगा.

पण उकळत्या दुधापुढं माझं काही चालत न्हाई. परवा बसम्मा लेकीकडं येलदरीला गेली. जाताना सुनेला, त्रिवेणीला म्हणाली, "माझ्या मायचं विरजण हाय गं. जप." त्रिवेणी घाईत. गॅसवरून उतरवलेल्या दुधातच तिनं होतं नव्हतं तेवढं विरजण ढवळून टाकलं. आमची सगळी भावकी जागच्या जागी मेली!

सकाळी दूध नासलेलं. त्रिवेणीचं तोंड एवढंसं झालं. पळत शेजारी गेली. बसम्मानंच कधीतरी दगडाबाईला विरजण दिलेलं.

"आवो, ते तं उन्हाळ्यात गेलं," दगडाबाई म्हणाली. "आमी आता पाकिटातलं आणायलाव. तेच लाव की. सासूला काय कळतंय?"

"न्हाई वो मावशी. त्यांच्या मायचं होतं ते," म्हणून त्रिवेणी रडायलाच लागली.

बसम्माचा एक हट्ट. मायची लाकडी रवी साबणानं घासायची न्हाई, नुसती पाण्यातून काढून खुंटीला टांगायची. त्रिवेणीला तिचा वास सहन व्हायचा न्हाई. घासायला घेतलीबी होती एकदा, पण बसम्मानं हातातून हिसकून घेतली! त्याच रवीच्या खाचेत, वाळल्या दह्यात, मी बसलो होतो. जिता!

घरी येऊन त्रिवेणीनं खुंटीकडं बघितलं. दूध कोमट केलं, बोट घालून घालून बघितलं, आन् रवी बुडवून म्हणाली, "ऊठ की रे बाबा."

न उठायला काय झालं? पीळ सुटला, भिंती पडायला लागल्या. एकाचे दोन, दोनाचे चार. दुसऱ्या दिवशी बसम्मा दारात आली, तवा भांड्यात घट्ट दही.

त्रिवेणीनं सगळं खरं सांगितलं. बसम्मानं बोटभर दही चाखलं आन् डोळ्याला पदर लावला. "मायचंच हाय." मग दुसरी वाटी काढून तिच्यात थोडं दही घातलं आन् सुनेच्या हातात दिली. "हे तुझं. आता दोन जागी राहू दे."

ऐकलं का, साबणवाल्या बाई? आता बसम्माबी एकाचे दोन करायला शिकली. या घेऊन तुमचा साबण, न्हाईतर उकळतं दूध!