उदबत्ती आणि काचेची नळी

केशव देऊळगावकर बिजलीघरात आला, त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू! मी भुजंगराव मिस्त्री बावीस वर्षं बॉयलरपाशी भाजलो, आणि हा कालचा पोरगा साहेबांच्या गळ्यातला ताईत!

माझी रीत साधी. भट्टीच्या झरोक्यापाशी, बाजूला उभं राहून, उदबत्ती धरायची. धूर आत ओढला गेला की आग ठीक. बाहेर आला, तर धुराड्याची झडप आणखी उघडायची, नाहीतर ज्वाळा तोंडावर येते. केशवनं भिंतीवर, भट्टीला जोडून, काचेची नळी बसवली, आत रंगीत पाणी. पाण्यावरून म्हणे भट्टीतला दाब कळतो! साहेब खूश. "देखो भुजंगराव, क्या अक्कल की बात है!" आणि हेडमिस्त्रीची जागा रिकामी. ती माझी होती हो!

गुरुवारी तपासणी होती. सकाळी अंबरपेठेतल्या घरून देवघरातली फुलवात तुपात भिजवून आणली आणि कुणी नसताना नळीच्या भट्टीकडच्या तोंडात ठासली. पाणी जिथल्या तिथे थांबलं. म्हटलं, आता कळू दे बेट्याला.

साहेबांनी कोळसा वाढवायला लावला. केशवनं नळीकडे पाहून सांगितलं, "दाब ठीक आहे." मी उदबत्ती पेटवली. "साहेब, जरा इकडे या, खरं काय ते दाखवतो!"

आता माझं गुपित सांगतो. तीन महिने मीही चोरून आधी नळीच बघत होतो, आणि पाणी ठीक दिसलं की झरोक्यासमोर बिनधास्त उभा राहत होतो. त्या दिवशीही, वात मीच ठासलीय हे विसरून, सवयीनं नजर गेली. पाणी ठीक. मी समोर उभा राहिलो आणि झरोका उघडला.

ज्वाळेनं मिशा गेल्या, हात सोलला. केशवनं मला मागे खेचलं, धावत जाऊन झडप उघडली. मग नळीत तार घातली. तुपकट फुलवात बाहेर आली. गणपतीत तो आमच्याकडे जेवला होता, आमच्या हिच्या हातच्या वाती त्यानं पाहिल्या होत्या. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मूठ मिटली.

"राख अडकली होती, साहेब. चूक माझी. काका मध्ये नसते, तर तुम्हीच भाजला असता."

हेडमिस्त्री मी झालो. केशव रोज वाकून नमस्कार करतो. ही जागा त्यानं मला दिली, हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक आहे. मेला चांगुलपणातही माझ्या वरचढ निघाला, आणि तेच मला सोसवत नाही.